रस्त्याकडची खोली

नागपुरात भाड्याचं घर बघायला गेलं की काय काय विचारतात, याची माझी चांगली तयारी होती. आडनाव विचारतात, गाव विचारतात, घरात मटण शिजतं का विचारतात, आणि पाहुणे किती येतात नि किती दिवस मुक्काम ठोकतात हे तर खोदून खोदून विचारतात. आमच्या या घरमालकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. आमच्या पायातल्या चपला निघायच्या आत त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, घरी टीव्हीचा आवाज कोणत्या आकड्यावर ठेवता? नवरा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, बारा. "बारा ठीक आहे," ते म्हणाले, आणि आतून किल्ली घेऊन आले. भाड्याची बोलणी मागाहून त्यांच्या बायकोने केली.

परत येताना मी नवऱ्याला म्हटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. नवरा म्हणाला, सरकलेला असू दे, कोराडीच्या बसचा थांबा समोर आहे. तो कोराडीला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात होता, मी सदरमधल्या एका ऑफिसात कारकून. दोघांनाही सोयीचं म्हणून आम्ही तिथे राहायला गेलो, आणि पुढची साडेतीन वर्षं मी त्या सरकलेल्या माणसाच्या छपराखाली काढली. आता आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये राहतो. काकाजी आणि काकू, म्हणजे ते घरमालक आणि त्यांची बायको, वर्ध्याला लेकीकडे राहायला गेलेत. तरी आठवड्यातून एकदा तरी माझ्या तोंडी त्यांचं नाव येतंच.

घर सदरहून कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिग्नलपासून शंभरेक पावलांवर होतं. अरुंद नि लांबच लांब. रस्त्याकडच्या दोन खोल्या आमच्या, मग अंगण, मग काकाजी-काकूंच्या खोल्या, आणि अगदी शेवटी एक छोटी खोली जिच्या मागे कोणाच्या तरी कुंपणाची भिंत नि एक कडुनिंब, बस. त्या शेवटच्या खोलीत काकाजी झोपायचे. काकू मधल्या खोलीत, कारण काकाजी घोरतात असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्या रस्त्यावर होत्या. दिवसभर स्कूटर, ऑटो, स्टार बस, आणि अंधार पडला की ट्रक. सिग्नल सुटला की सगळे एकदम हॉर्न वाजवायचे, जणू हॉर्न वाजवल्याशिवाय गाडीला गिअरच पडत नाही. मला मात्र त्याचं काही वाटलं नाही, कारण मी नरखेड तालुक्यातली. आमच्या संत्र्याच्या बागेत आवाज म्हणजे चांगली बातमी. विहिरीवरची मोटर घुरघुरली की वीज आली, पाणी चालू झालं. एसटीचा हॉर्न वाजला की बाबा तालुक्याहून परत आले. शांतता झाली की आमच्या घरात सगळे काळजीत पडायचे. त्यामुळे नागपुरातला एवढा आवाज ऐकून मला उलट बरंच वाटलं होतं, की आता आपण शहरात आलो.

काकाजी कापडाच्या मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वीतभर लांब, लाकडी मुठीचा पेचकस कायम असायचा. स्क्रू पिळायला तो त्यांनी वापरलेला मी पाहिला नाही. ते त्याने ऐकायचे. चालत्या मशीनवर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे. मिलमध्ये एवढा गदारोळ असायचा की कोणत्या मागाचं बेरिंग बिघडतंय ते नुसत्या कानाने कळायचं नाही, मग अशी युक्ती. पाण्याचा पंप, कूलर, शेजाऱ्यांच्या स्कूटर, सगळ्यांची तपासणी व्हायची. राहायला गेल्यावर आठव्या दिवशी माझा मिक्सर तपासून त्यांनी सांगितलं, दोन महिने चालेल. मी मनात म्हटलं, तुमच्या तोंडात माती. मिक्सर दीड महिन्यात गेला.

त्यांनी आमची भिंतसुद्धा तपासली होती. रस्त्याकडच्या भिंतीला पेचकस लावून त्यांनी मलाही ऐकायला लावलं. एक ट्रक गेला तर मुठीतून असा काही घरघराट डोक्यात शिरला की मी पेचकस सोडून दिला. पलंग या भिंतीला लावू नका, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हटलं आणि पलंग तिथेच लावला, कारण कूलर त्याच खिडकीत बसत होता आणि नागपूरच्या मे महिन्यात माणूस आधी कूलर बघतो.

काकाजींचं खरं वेड होतं हॉर्नचं. आवाजाविरुद्ध ओरडणारे लोक पुष्कळ असतात. पाट्या लावतात, गाडीवाल्याची गचांडी धरतात, वर्तमानपत्राला पत्रं लिहितात. काकाजींना हे सगळं पोरकट वाटायचं. त्यांचं म्हणणं, हॉर्न वाजवणाऱ्याला काहीतरी अडचण असते, ती शोधायची.

"आवाजाले शिव्या देऊन आवाज कमी नाही होत, बेटा," ते मला म्हणाले होते. "त्याचं बेरिंग शोधा लागते."

आणि ते खरोखर शोधायचे. घराच्या बाजूने एक गल्ली आत जायची. सकाळी सातला शाळेची व्हॅन त्या गल्लीत येऊन पाच-पाच मिनिटं भोंगा वाजवायची, कारण तिसऱ्या घरातल्या मुलीचा बूट रोज सापडत नसे. काकाजी व्हॅनवाल्याला एक शब्द बोलले नाहीत. रोज पावणेसातला ते त्या घरी जाऊन उभे राहायचे. बूट शोधायचे, पोरीला हाताला धरून कोपऱ्यावर आणायचे. मुलीच्या आईला आधी वाटलं म्हाताऱ्याला नात नाही म्हणून प्रेम उतू चाललंय. महिन्याभराने तिला लाज वाटली आणि मुलगी आपोआप वेळेवर निघायला लागली. भोंगा बंद.

गल्लीच्या तोंडाशी एका झाडाची फांदी अशी वाकली होती की वळणावरून येणारा दिसायचा नाही, म्हणून प्रत्येक जण हॉर्न मारायचा. काकाजींनी स्टुलावर चढून फांदी छाटली. काकू खाली स्टूल धरून कपाळाला हात लावत होत्या. संत्र्याच्या रसाची एक हातगाडी कोपऱ्यात अर्धी रस्त्यावर असायची. त्या रसवाल्याला गाडी चार हात आत घ्यायला सांगितलं तर तो म्हणाला, आत गिऱ्हाईक येत नाही. काकाजी पंधरा दिवस रोज दोन वेळा त्याच्याकडे रस प्यायला गेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बोलावून घेऊन गेले, आणि सोळाव्या दिवशी गाडी आत गेली. त्यात त्यांची साखर वाढली तो भाग वेगळा. लोक हसायचे. मीही हसायचे. ऑफिसात डबा खाताना त्यांचे किस्से सांगून मी भाव खाल्ला आहे, ते आता आठवलं की कसंसंच होतं.

मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांचं मात्र त्यांना काही करता आलं नाही. तो रस्ता त्यांच्या पेचकसाच्या बाहेरचा होता, असं ते स्वतःच म्हणायचे.

त्या घरात बोलण्याची एक वेगळीच तऱ्हा होती. मिलमध्ये शेकडो माग एकदम चालत. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, त्यामुळे तिथले सगळे हातांनी नि ओठांनी बोलायचे. काकाजींनी ती भाषा घरी आणली, आणि चाळीस वर्षांच्या संसारात काकूही त्यात पारंगत झाल्या. चहा ठेवू का, गॅसवाला आला, पोस्टमन उभा आहे, समोरची बाई पुन्हा साखर मागायला येते आहे, हे सगळं अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक शब्द न बोलता व्हायचं. त्यांचं भांडण बघण्यासारखं असे. काकू कढईतला झारा हवेत फिरवायच्या, काकाजी दोन बोटांनी उत्तर द्यायचे, काकू अजून जोरात झारा फिरवायच्या, तेलाचे थेंब फरशीवर, आणि आवाज काही नाही. मी एकदा विचारलं, काकू, तोंडानं का भांडत नाही? त्या म्हणाल्या, "हातानं भांडलं की हात दुखते अन् भांडण लवकर मिटते."

एका शब्दाचा मात्र काकाजींना फार राग होता. तो शब्द सवय. मी कधी म्हटलं की इथल्या आवाजाची आता सवय झाली, की त्यांचा चेहरा उतरायचा. का, ते त्यांनी एका दुपारी सांगितलं. आम्ही अंगणात मटार सोलत बसलो होतो. मिलमध्ये चहूकडे कापूस. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, डब्यातल्या पोळीवर कापूस. पण त्यातला बोंडभर घेऊन कानात घालावा, असं कोणाच्या मनात आलं नाही. एखाद्या नव्या पोराने घातलाच, तर बाकीचे त्याला बांगड्या भर म्हणायचे. पहिले सहा महिने डोकं दुखायचं, घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजायची. मग ते थांबायचं. थांबलं की जुने लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, झाली सवय.

"आमाले वाटे कान पक्के झाले," काकाजी म्हणाले. "पक्के कायचे, गेले होते ते. मिल बंद पडल्यावर घरी बसलो, तवा समजलं. माही पोरगी पैंजण घालून याच अंगणात फिरे. मले पाय दिसत, आवाज नाही ये."

मग मी मटारच्या शेंगा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या. तरी मनात म्हटलंच, की मिल वेगळी आणि रस्ता वेगळा, आणि मी काही म्हातारी झालेली नाही.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. त्याआधी एकदा गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी मी पावलं मोजून टाकत होते. पाचव्या महिन्यापासून माझं डोकं दुखायला लागलं. चिडचिड तर इतकी की नवरा घरात शिरताना आधी दाराआडून माझा चेहरा बघायचा. झोप कशी लागते असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, छान लागते. खरं म्हणजे सिग्नल सुटला की मला जाग यायची, पण परत डोळा लागायचा, म्हणून मी ते जागं होणं हिशेबातच धरत नव्हते.

एका संध्याकाळी काकाजी काही निरोप द्यायला आले आणि दारातच थबकले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्यांनी खूण करून विचारलं, किती? मी रिमोट दाबून बघितला, सव्वीस. काकाजी म्हणाले, आकडा वाढला. एवढंच बोलले. पण माझं डोकं ठणकत होतं आणि मला कोणीतरी भांडायला हवंच होतं. मी म्हटलं, टीव्ही आमचा आहे, कान आमचे आहेत, आणि खोलीचं भाडं आम्ही देतो. ते अंगणातून परत गेले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आठ दिवस ते रोज आमच्या दारापुढची पाण्याची बादली भरून ठेवत होते, आणि मी ती मुकाट वापरत होते.

सहावा संपता संपता तपासणीला गेले तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजला, मग थोडा वेळ निजवून परत मोजला. झोपेचं विचारलं. मी म्हटलं, झोप चांगली आहे, रस्त्यावर घर आहे पण सवय झाली आहे. तेव्हा माझा नवरा, जो दवाखान्यात कधी तोंड उघडत नाही, म्हणाला की ही चार-पाच वेळा उठून बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाबाची कारणं बरीच असतात, एकट्या आवाजावर मी खापर फोडणार नाही, पण शरीर झोपेत आवाज ऐकतच असतं, तुम्हाला कळो न कळो. गोळ्या दिल्या, डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, शांत जागा बघा म्हणाल्या. आठवड्याने परत या, आणि असाच राहिला तर दवाखान्यात ठेवावं लागेल, कदाचित बाळ वेळेआधी काढावं लागेल. हे ऐकताना आधीचं सगळं डोळ्यांपुढे आलं.

घरी येऊन मी काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. शांत जागा बघा म्हणे, कुठे बघायची? माहेरी जायचं तर दवाखाना तासाभराच्या वाटेवर, आणि डॉक्टरीणबाईंनी जवळ राहायला सांगितलेलं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. काकाजी अंगणात उभे होते. आम्ही काय बोलत होतो ते त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं असणार.

दुपारी दोनच्या सुमारास बाहेर काहीतरी घासण्याचा आवाज आला. बघते तर काकाजी त्यांची खाट ओढत अंगणातून आमच्या खोलीकडे आणताहेत. वर गादी, गादीवर चादर, चादरीवर तो पेचकस. मी म्हटलं, हे काय करता काकाजी? ते म्हणाले, आजपासून तुम्ही मागच्या खोलीत झोपा, मी इथे. मी नको नको म्हणायला लागले. त्या खोलीवर त्यांचा केवढा जीव होता ते मला माहीत होतं. घरातली तेवढीच एक जागा अशी होती जिथे ते दार लावून बसायचे.

"मले काय ऐकू येते वं?" ते म्हणाले. "बहिरा माणूस. पुढं झोपलो काय अन् मागं झोपलो काय."

हे मला पटलं. पटलं म्हणजे इतकं पटलं की वाईटसुद्धा वाटेना. मी मागच्या खोलीत जाऊन डाव्या कुशीवर पडले. कडुनिंबाची सावली भिंतीवर हलत होती. आवाज नव्हता असं नाही, रस्ता दूर कुठेतरी होता, पण दुसऱ्याच्या घरातल्या भांडणासारखा, आपल्याशी संबंध नसलेला. दिवेलागणीला जाग आली तेव्हा कितीतरी वेळ मला कळेना की मी कुठे आहे. माझं डावं अंग सुन्न झालं होतं इतकी मी हलले नव्हते. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं, आणि मला तर वाटत होतं की मी छान झोपते.

त्यानंतर घरात माझ्या झोपेची मोहीमच सुरू झाली. काकूंनी कुकर माळ्यावर टाकला आणि वरण उघड्या पातेल्यात शिजायला लागलं. भाजीवाल्याला हाक न मारता कडी हलवायला सांगितलं गेलं. काकाजी मागच्या दाराच्या बिजागरीला दर दोन दिवसांनी तेल घालायचे. नवऱ्याला त्यांनी खुणा शिकवल्या, तो इतक्या वाईट करायचा की पाणी मागितलं की काकू साबण आणून द्यायच्या. आठवड्याने रक्तदाब थोडा उतरला. पुढच्या आठवड्यात आणखी थोडा. गोळ्या चालूच होत्या, त्यांचं श्रेय त्यांना. दवाखान्यात राहायची वेळ आली नाही, आणि माझी मुलगी पुऱ्या दिवसांची, सव्वातीन किलोची झाली. काकूंनी तिची दृष्ट काढली तेव्हा काकाजी दाराबाहेर उभे राहून नाक शिंकरत होते.

आता यात माझी जी लाजिरवाणी गोष्ट आहे, ती सांगून टाकते. मुलगी झाल्यावरही आम्ही खोली परत केली नाही. तान्हं मूल आहे, राहू दे, असं काकाजी म्हणाले आणि आम्ही लगेच राहू दिलं. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. बहिऱ्या माणसाला आवाजाची खोली, बाळंतिणीला शांत खोली, याहून चोख व्यवस्था कोणती? ऑफिसात परत गेल्यावर मी ही व्यवस्था लोकांना कौतुकाने सांगत होते, जणू मीच ती शोधून काढली होती. काकाजी हल्ली दुपारी बसल्या बसल्या पेंगायला लागले होते. मी म्हणायचे, वय झालं.

मुलगी सात महिन्यांची असताना काकू महिनाभर वर्ध्याला लेकीकडे गेल्या. मोबाईलची रिंग वाजते आणि काकाजींना कळत नाही, म्हणून लेकीने मला विनंती केली की बाबांना एकदा कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आण. मी मुलीला नवऱ्याकडे सोपवून त्यांना सदरमधल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे काचेची एक बंद कोठडी होती. त्यात बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. काकाजी अर्धा तास आत होते. बाहेर आल्यावर त्या कोठडीच्या दाराच्या रबराला बोट लावून बघत होते, की हे किती जाड आहे.

तपासणारी मुलगी माझ्याहून लहान होती. तिने कागदावरची रेघ मला दाखवली. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक आवाज. रेघ डावीकडे वर होती, सरळ, आणि उजवीकडे एकदम खाली कोसळली होती. ती म्हणाली, आजोबांचे बारीक आवाज गेलेत. चिमण्या, फोनची रिंग, बायकांच्या बोलण्यातली काही अक्षरं. कानाला यंत्र लावून थोडी मदत होईल.

मी डावीकडच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, आणि हे?

"हे तर चांगलं आहे," ती म्हणाली. "ट्रक, बस, इंजिन, हे त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच ऐकू येतं. उलट अशा कानांना मोठ्या आवाजाचा त्रास जास्त होतो. रस्त्याजवळ झोपत असतील तर खोली बदला."

माझं बोट त्या रेघेवरच राहिलं. मग तिने त्यांना औषधं विचारली. काकाजी म्हणाले, साखरेची एक आणि रक्तदाबाची एक. रक्तदाबाची कधीपासून? ते छताकडे बघायला लागले. त्या तपासणाऱ्या मुलीने परत विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले, मागच्या दिवाळीपासून. खाट त्यांनी दसऱ्यानंतर ओढून आणली होती. ती गोळी घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्यापासून लपवूनच घेत असणार, आणि काकूंनाही गप्प केलं असणार.

त्याच संध्याकाळी त्यांची खाट मागच्या खोलीत परत गेली. त्यांनी बरीच कुरकुर केली, पण मी आणि नवऱ्याने दोन बाजूंनी उचलली आणि नेली. आमचा पलंग मधल्या भिंतीला लागला, आणि मुलीचा पाळणा काकाजींच्या खोलीत कडुनिंबाच्या खिडकीखाली. घर सोडेपर्यंत ती तिथेच झोपली. पण ते नंतरचं. त्या वेळी आम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरून सदरची सगळी वाहतूक चालली होती. ऑटो मिळत नव्हता आणि मी तो शोधतही नव्हते. मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असं विचारलं, की काकाजी, तुम्हाला ट्रक ऐकू येतात?

"येते ना," ते म्हणाले. "सारेच येते."

मग तेव्हा खोटं का बोललात, असं मी विचारलं. त्यांनी वाकून चपलेचा अंगठा सारखा केला.

"खरं सांगतलं असतं तं तू आत आली असती का? अन् तिकडं झोपाले दोन जीव होते. इकडं मी एकटा."

मी काहीतरी बोलायला गेले. मला त्यांना सांगायचं होतं की मी तुम्हाला टाकून बोलले होते, तुमचे किस्से सांगून लोकांना हसवलं होतं, आणि माझी मुलगी आज अंगाखांद्यावर खेळते आहे त्यात तुमच्या झोपेचा वाटा आहे, तुमच्या दहा महिन्यांच्या झोपेचा. पण मी पदर तोंडाशी धरून भर रस्त्यावर, इतक्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले. हातगाडीवाले बघायला लागले. काकाजी गोंधळले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकून विचारलं, "त्या खोलीत झोप लागली होती ना तुले?"

मी मान हलवली. म्हटलं, लागली होती, काकाजी. फार छान लागली होती.

"मंग रडून काहून राहिली?" ते म्हणाले.